दातारांनी पाहिलेलं कार्ड

बाळ दातार अलीकडे मान तिरकी करून बघायला लागले होते. वस्तू डाव्या हातात धरायची, तोंड खिडकीकडे वळवायचं आणि तिला कळू न देता डोळ्याच्या कोपऱ्यातून तिच्याकडे बघायचं. संग्राहक मंडळातल्या लोकांना ही लकब फार आवडली. नवी मुलं तिची नक्कल करू लागली. 'नुसते डोळे फाडून काय बघतोस, दातारांसारखं बघ,' असं एकानं दुसऱ्याला सांगितलेलं दातारांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं, आणि भर उन्हातून घरी जाताना त्यांच्या अंगावर काटा आला.

कारण समोर बघितलं की मधोमध काही नसायचं.

उजव्या डोळ्यानं बघितलं तर माणसाला केस होते, कान होते, खांदे होते. चेहऱ्याच्या जागी धुरकट डाग होता. डाव्या डोळ्यातला डाग अजून तांदळाच्या दाण्याएवढा होता. पण भिजत घातलेला तांदूळ फुगतो तसा तोही फुगत होता. पेठेतल्या डॉक्टरनं त्यांना चौकटी छापलेला एक कागद दिला होता. सकाळी एक डोळा झाकून त्याच्याकडे बघायचं, रेघा वाकड्या दिसल्या तर कळवायचं. रेघा रोज थोड्या जास्त वाकत होत्या. दातारांनी कळवणं सोडून दिलं. 'इंजेक्शनांनी वेग कमी करता येईल, पण गेलेलं परत येणार नाही,' असं डॉक्टर म्हणाले होते. घरी त्यांनी बायकोला, हेमाताईंना, 'नंबर वाढलाय' एवढंच सांगितलं.

दातारांची नजर वजा केली तर बाकी काही उरत नव्हतं, हे दातारांना ठाऊक होतं. जन्मभर एका छापखान्यात रंग जुळवायचं काम केलं. तिथे बढती मिळाली ती सगळ्यांना मिळाली तेव्हा. मुलगा सलिल शिकला तो त्याच्या आईच्या धाकानं. इमारतीच्या सभेत दातार बोलायला उठले की लोक चहाकडे वळत. पण मंडळात ते शिरले की खुर्च्या सरकायच्या.

मंडळ भरायचं ते सदाशिव पेठेतल्या एका मंगल कार्यालयात. मालक स्वतः नाण्यांचे वेडे, म्हणून जागा फुकट. मात्र ज्या रविवारी मुहूर्त नसेल त्याच रविवारी. त्यामुळे बैठक कधी, हे पंचांग ठरवायचं. चातुर्मासात दर आठवड्याला, आणि लग्नसराईत महिना महिना पत्ता नाही. पंगतीची लांबलचक टेबलं, त्यांना मुरलेला मठ्ठ्याचा वास, आणि त्यांच्यावर मांडलेली नाणी, तिकिटं, काडेपेटीची लेबलं आणि खेळाडूंची कार्डं. कुणी काही विकत घेणार असेल तर ती वस्तू त्या विषयातल्या जाणत्यापुढे ठेवायची, अशी तिथली रीत होती. जाणता बघायचा आणि एक शब्द बोलायचा. 'चोख', नाहीतर 'नको'. कागद नाही, सही नाही. एका नव्या सभासदानं एकदा 'लेखी मिळेल का?' असं विचारलं होतं. 'मिळेल की,' मालक म्हणाले, 'तुमच्या जन्माचा दाखला घेऊन या. आधी तुम्ही खरे आहात का ते बघू.' तो माणूस पुन्हा दिसला नाही.

कार्डांच्या बाबतीत जाणते म्हणजे दातार. त्यांनी 'चोख' म्हटलेलं कार्ड पुण्यातच काय, पार नागपूरपर्यंत डोळे मिटून घेतलं जायचं.

दातारांचा स्वतःचा संग्रह एकाच मालिकेचा होता. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी, सिगारेटच्या पाकिटातून खेळाडूंची रंगीत कार्डं निघत. पाकीट घट्ट राहावं म्हणून घातलेला जाड पुठ्ठ्याचा तुकडा, पुढे खेळाडूचं चित्र, मागे त्याची चार ओळींची माहिती. त्यातली एक मालिका अठ्ठेचाळीस कार्डांची. दातारांकडे सत्तेचाळीस होती. शेवटचं, गणपत शेडगे नावाच्या डावखुऱ्या गोलंदाजाचं, त्यांना चाळीस वर्षांत मिळालं नव्हतं. ते छापायच्या वेळी युद्ध लागलं, कागद मिळेना, म्हणून फार थोडी निघाली. अल्बममधल्या त्या रिकाम्या चौकोनाची दातारांना इतकी सवय झाली होती, की कधीकधी त्यांना वाटायचं, डोळ्यातला डाग तिथूनच आला असावा.

आता शेडगे हवा होता तो लगेच. डाव्या डोळ्यात जेवढा उजेड शिल्लक होता, तेवढ्यात.

शनिवारी सलिल बाणेरहून आला. आल्या आल्या त्यानं लॅपटॉप उघडला.

"बाबा, तुमचे शेडगे सापडले. एक नाही, दोन ठिकाणी."

"दोन? चाळीस वर्षं एक नाही, आणि आता जोडीनं आले?" हेमाताई पोह्यांवर खोबरं पेरत म्हणाल्या.

"पहिले लंडनच्या लिलावात. तिथल्या कंपनीनं तपासून कडक प्लास्टिकमध्ये सीलबंद केलंय. वर मार्क छापलेत. दहापैकी सहा."

"सहा म्हणजे काठावर पास," दातार म्हणाले.

"तुमच्या गणितापेक्षा बरे आहेत," हेमाताई म्हणाल्या.

सलिल हसला. "बाबा, मी सांगतो, हेच घ्या. महाग पडेल. लिलावाचं कमिशन, वर कस्टम्स. पण डोकेदुखी नाही. खोटं निघालं तर ती कंपनी पैसे परत देते."

"सीलबंद म्हणजे हात लावायचा नाही, वास घ्यायचा नाही. तिकडच्या कुणीतरी बघितलं म्हणून मी मान डोलवायची. मग मी कशाला हवा?"

"अहो बाबा, तुम्ही घेणारे आहात. तपासणारे नाही."

दातारांनी पोह्यांची बशी लांब सरकवली. नेमकं हेच त्यांना मंडळात कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. दातारांनी परदेशी मार्कांवर कार्ड घेतलं म्हटल्यावर पहिला प्रश्न येणार, का? आणि त्या प्रश्नाच्या मागे दुसरा उभाच होता.

"दुसरं कुठे?"

"कलकत्त्याचा विक्रेता आहे. फक्त फोटो टाकलेत. स्वस्त आहे. थांबा, मोठा करून दाखवतो." सलिलनं पडदा त्यांच्याकडे वळवला. "दिसतंय?"

"अजून मोठं कर."

सलिल मोठं करत गेला. हिरवळ पसरली, पांढरा सदरा पसरला, टोपी पडद्याबाहेर गेली. दातार जिथे बघत तिथे तो दाणा येऊन बसत होता. चित्र जितकं मोठं व्हावं तितकं खाली काही उरू नये, असं चाललं होतं.

"आता ठिपके दिसतायत का बघा. तुम्हीच सांगता ना, जुनी छपाई ठिपक्यांवरून कळते."

"हं."

"मग? कसे आहेत?"

"फोटोवरून काय कळणार," दातार म्हणाले आणि पोहे पुढे ओढले. हेमाताईंनी मुकाट्यानं बशीतला चमचा त्यांच्या हाताच्या बाजूला फिरवून ठेवला.

त्याच आठवड्यात अभिनवचा फोन आला. अभिनव मूळचा अमरावतीचा, आयटीत नोकरीला, मंडळातला सगळ्यांत गुणी मुलगा. हडपसरच्या पुढे, मांजरी गावात, नव्या टॉवरमध्ये राहायचा. त्याला कॅनडाला बोलावणं आलं होतं आणि तो आपला संग्रह मोडत होता.

"काका, शेडगे तुम्हाला पाहिजे असेल ना? दुसऱ्या कुणाला विचारायच्या आधी तुम्हाला विचारतोय."

दातार खुर्चीत सावरून बसले. "तुझ्याकडे शेडगे आहे?"

"असं काय करता काका! मागच्या वर्षी संजयभाऊंकडून घेतलं नाही का? कार्यालयात. तुम्हीच तर बघितलं, आणि स्वतः मागितलं नाही; मला वाटलं, माझ्यासाठी सोडलं. तुमच्या शब्दावरच घेतलं मी. माझी तेवढी ऐपतच नव्हती, पण तुम्ही चोख म्हणालात, मग काय."

फोन ठेवल्यावर दातार खुर्चीतून उठले नाहीत. खाली रस्त्यावरून क्लासची मुलं हसत चालली होती. त्यांना तो रविवार आठवत होता, पण कार्ड आठवत नव्हतं.

संजय हा मंडईच्या मागे जुन्या वस्तूंचा धंदा करणारा माणूस. आवाज मधाचा, चालणं मांजराचं. त्या दिवशी गर्दी होती, पावसाळा संपत आला होता, आणि उजवा डोळा नुकताच गेला होता. संजयनं खेळाडूचं नाव न घेता एकामागून एक कार्डं त्यांच्या हातात ठेवली होती, सगळी प्लास्टिकच्या पातळ पाकिटात. 'काका, बाहेर काढू?' त्यानं विचारलं होतं. आजूबाजूला आठ-दहा माणसं वाकून उभी होती. दातारांनी मान तिरकी केली. 'कशाला?' ते म्हणाले. 'दिसतंय की.' लोक हसले. मग त्यांनी तो शब्द उच्चारला. किती वेळा, ते त्यांना सांगता येईना. त्यातलं एक कार्ड शेडग्याचं होतं, हे आज कळत होतं. चाळीस वर्षं ज्याची वाट बघितली तो हातावर येऊन बसला आणि उठून गेला, आणि त्यांनी त्याला ओळखलं नाही.

म्हणजे आता शेडगे तीन ठिकाणी होता. लंडनला दुसऱ्यांच्या भरवशावर, कलकत्त्याला कुणाच्याच नाही, आणि मांजरीला खुद्द बाळ दातारांच्या भरवशावर. पुण्यातल्या कुठल्याही माणसाला विचारलं असतं तर त्यानं तिसरं ठिकाण सांगितलं असतं.

त्यांनी ठेव मोडली. चेक हेमाताईंकडून लिहून घेतला. "तुझं अक्षर चांगलं आहे," ते म्हणाले.

"लग्नानंतर चाळीस वर्षांनी कळलं होय?" हेमाताई म्हणाल्या. मग चेक फाडून त्यांच्या खिशात घालताना, आवाज खाली आणून: "मी येऊ का बरोबर?"

"कशाला? कार्ड आणायला चाललोय, लढाईला नाही."

"लढाईला चालला असतात तर नसतं विचारलं," त्या म्हणाल्या.

टॅक्सी हडपसर ओलांडून मांजरीकडे वळली. कडेला उसाचे फड होते, आणि फडांच्या मधूनच टॉवर वर आले होते. जणू कुणी उसातच काचेचं बी टाकलं होतं. दातारांना दिसत होत्या त्या फक्त कडा. रस्त्याची कड, फडाची कड, आभाळाला भिडलेली इमारतींची कड. मधलं सगळं कुणीतरी आधीच उचलून नेलेलं होतं. जाताना ते मनाशी एकच गोष्ट म्हणत होते. कार्ड चांगलं असू दे. आपण आंधळेपणानं का होईना, खरं बोललो असू दे.

अभिनवच्या घरात खोकीच खोकी होती. "बसा नं काका, इथे खुर्ची आहे. तिकडे नको, तिकडे भांडी ठेवलीत." तो आनंदात होता. बायको पुढे माहेरी गेली होती; तिला सातवा लागला होता. "तुमच्याकडे जातंय म्हणून बरं वाटतंय, खरं सांगतो. नाहीतर कुणी तरी घेतलं असतं आणि लॉकरमध्ये टाकलं असतं. एवढे पैसे मिळाले की तिकडचं पहिलं भाडं, डिपॉझिट, सगळं निघते आमचं."

त्यानं पाकीट दातारांच्या हातात दिलं.

या वेळी आजूबाजूला कुणी वाकून उभं नव्हतं. दातारांनी कार्ड प्लास्टिकमधून बाहेर काढलं. नाकाजवळ नेलं. जुन्या पुठ्ठ्याला तंबाखूचा नाही, तर बंद कपाटाचा वास येतो. या कार्डाला चहाचा वास होता. जुनं दिसावं म्हणून कागद चहात बुडवतात. पण चहा सांडूही शकतो. अभिनवच्याच हातून सांडला असेल. मग त्यांनी कार्ड उलटं केलं आणि मागच्या चार ओळींवरून अंगठा फिरवला.

त्यांच्याकडची सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस कार्डं त्यांनी गेल्या वर्षभरात अंगठ्यानं पुन्हा वाचून काढली होती. पाठीमागचा मजकूर खिळ्यांनी, म्हणजे एकेका अक्षराच्या शिशाच्या ठशांनी, छापलेला होता. शिशाचा खिळा कागदात दबतो, खोल बसतो. ऐंशी वर्षं गेली तरी बोटाला तो दाब लागतो. आंधळा माणूसही ओळी मोजू शकतो. इथे ओळी नव्हत्या. अंगठा वरपासून खालपर्यंत सरळ घसरला. वीजबिलाच्या पाठीसारखी सपाट पाठ होती ती. हे कार्ड कुणीतरी दोन-चार वर्षांपूर्वी मशिनवर काढलं होतं.

त्यांनी पुन्हा अंगठा फिरवला. पुन्हा. खिडकीबाहेर उसावरून वारा आला, पात्यांचा खसखस आवाज बाराव्या मजल्यापर्यंत चढला.

"काय झालं काका?" अभिनवनं विचारलं. "काही आहे का?"

सांगणं अवघड नव्हतं. 'पोरा, हे नको.' तीन शब्दांचं काम. पण त्याच्या पाठोपाठ तो विचारणार होता, मग त्या दिवशी? आणि दातारांना म्हणावं लागलं असतं, त्या दिवशी मला दिसत नव्हतं. मग ते तिथेच थांबलं नसतं. वर्षभरातला प्रत्येक शब्द उलटा फिरून घरी आला असता. लोकांनी आपापली कार्डं काढून बघितली असती. आणि या मुलाचे पैसे गेलेच असते. संजयनं काय परत दिले असते! 'दातारांनी बघितलं होतं, मी काय करू,' असं म्हणून तो मोकळा झाला असता.

दुसरा मार्ग उलट सोपा होता. चेक खिशात होता. मुलाला पैसे मिळतील, खोटं कार्ड दातारांच्या कपाटात जाईल आणि तिथून कधीच बाहेर येणार नाही. कुणाचं नुकसान नाही. झालं तर आपलंच, आणि ते आपण भरायलाच हवं. याला प्रायश्चित्त म्हणतात, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. आपण भलं करतोय असं वाटणं किती चटकन जमतं, याचं त्यांना जरा आश्चर्यही वाटलं.

"काही नाही," दातार म्हणाले. "डोळे भरून बघत होतो."

अभिनव वाकून त्यांच्या पाया पडला. चेक त्यानं खोक्यावरच्या पासपोर्टात जपून ठेवला. दारापर्यंत सोडायला आला तेव्हा तो बडबडतच होता. "संजयभाऊंना पण सांगतो, त्यांना आनंद होईल. तुमच्या शब्दावर त्यांची किती कार्डं गेली हो यंदा! बापटांनी दोन घेतली, त्या औंधवाल्या सरांनी तीन. सगळी तुम्हीच पास केलेली."

"त्यांना कशाला सांगतोस," दातार म्हणाले.

"सांगू नको कसं? ग्रुपवर टाकतो आत्ता. एवढी मोठी गोष्ट!"

लिफ्टचं दार बंद झालं.

घरी हेमाताईंनी कार्ड हातात घेतलं आणि खिडकीपाशी नेऊन बराच वेळ बघितलं. "छान आहे," त्या म्हणाल्या. "नवं कोरं वाटतं."

दातारांनी ते त्यांच्याकडून घेतलं आणि अल्बममधल्या शेवटच्या चौकोनात सरकवलं. मालिका पूर्ण झाली. टोपी दिसत होती, बुटांखालची हिरवळ दिसत होती. चेहरा दिसत नव्हता, आणि दिसावा असं आता वाटतही नव्हतं.

संध्याकाळपासून फोन सुरू झाले. दातारांनी स्वतः पैसे मोजून घेतलं, म्हणजे ते कार्ड काय असेल! बापट म्हणाले, "बाळासाहेब, आता माझ्या दोन कार्डांचा भावही तुमच्यामुळे वधारला बघा. एक विकतोय, लेकीच्या घराला लागतील." औंधच्या सरांनी आणखी घ्यायचं ठरवलं होतं. कुणीतरी सोलापूरहून, कुणीतरी कोल्हापूरहून बोललं. सगळ्यांना एकच विचारायचं होतं, संजयकडे अजून काही आहे का. दातार पुरायला म्हणून गेले होते आणि पेरून आले होते.

लग्नसराई लागली होती, एवढाच आधार होता. कार्यालयात रोज सनई, रोज पंगत; मंडळाची बैठक सगळे मुहूर्त संपेपर्यंत होणार नव्हती. तोवर काही तरी सुचेल. तब्येतीचं कारण सांगता येईल, सलिलकडे राहायला जाता येईल. रोज सकाळी ते पंचांग उघडायचे. अक्षरं दिसत नसत म्हणून हेमाताईंनाच विचारायचे, "या रविवारी मुहूर्त आहे ना?"

"कुणाचं लग्न काढलंय?" हेमाताई विचारायच्या. पण सांगायच्या, "आहे."

आणि मग एका मंगळवारी, दहा-साडेदहाला, बैठकीची वाट न बघता संजय घरी आला.

"म्हटलं काकांना पेढे द्यावेत. मालिका पूर्ण झाली," तो म्हणाला. आवाजावरून तो समोरच्या कोचावर बसला होता, अगदी कडेला, पुढे वाकून. त्याच्याबरोबर एक पिशवी होती. ती त्यानं जमिनीवर ठेवली तेव्हा आतून प्लास्टिकचा आवाज आला. हेमाताई चहा टाकायला आत गेल्या.

"एक दाखवायचं होतं, काका. गिऱ्हाईक मागं लागलंय. फक्त बाहेर काढू नका, कडा फार नाजूक आहेत." त्यानं एक पाकीट दातारांच्या तळहातावर ठेवलं.

दातारांनी तोंड खिडकीकडे वळवलं. तांदळाचा दाणा आता वाटाण्याएवढा झाला होता. त्याच्या भोवतीनं त्यांना दिसलं, काळं, लाल, थोडं पिवळं. वर टोपीसारखं काही. कडेला एक उभी काठी.

"रंग बरा टिकलाय," ते म्हणाले.

"तेच म्हटलं मी. बॅट कशी वाटते? मला जरा शंका होती. एवढी बारीक?"

"त्या काळी काढायचे तशी," दातार म्हणाले. "चित्रकाराला खेळ ठाऊक नसायचा."

संजय काही बोलला नाही. तो बोलला नाही हे दातारांना हळूहळू जाणवलं, पाय गारठत जावेत तसं. मग चहाचा ट्रे घेऊन हेमाताई बाहेर आल्या.

"हे काय, पत्ते खेळताय?" त्या म्हणाल्या. "हा इस्पिकचा गुलाम कशाला घेऊन बसलात हातात?"

खोलीत पंख्याचा आवाज होता. खालच्या मजल्यावर कुणीतरी मिक्सर लावला आणि बंद केला.

संजय हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. त्यानं अलगद, म्हाताऱ्याच्या हातातली औषधाची गोळी काढून घ्यावी तसं ते पाकीट काढून घेतलं. "गंमत चालली होती, काकू," तो म्हणाला. मग दातारांकडे वळून, त्याच मऊ आवाजात: "मला वर्षभर वाटत होतं, काका. कुणाला बोललो नाही. बोलणारही नाही. मंडळाला तुमच्याशिवाय कोण आहे? आणि लोकांनी किती पैसे घातलेत तुमच्या भरवशावर. त्यांच्या मनाला काय वाटेल, उगाच."

"अहो," हेमाताई म्हणाल्या, "काय म्हणतोय हा?"

दातारांनी आवाजाच्या दिशेनं बघितलं. साडीचा काठ दिसला, ट्रे धरलेली बोटं दिसली. ती बोटं पांढरी पडली होती. त्यांना एकदम कळलं, की ही बाई प्रश्न विचारत नव्हती. तिला सगळं माहीत होतं, चमच्यापासून, चेकपासून, कदाचित त्याच्याही आधीपासून. आणि आता ती फक्त त्यांच्या तोंडून ऐकायला थांबली होती. एकदा बोलून टाकलं असतं तर तिनं त्या माणसाला पेढ्यांसकट जिन्यावरून खाली घातलं असतं. तिच्या अंगात तेवढी ताकद होती. त्यांच्या अंगात बोलायची नव्हती. त्यांना बापटांची लेक आठवली, कार्यालयातल्या सरकणाऱ्या खुर्च्या आठवल्या, आणि चहाकडे वळणारी इमारतीतली माणसं आठवली.

"हेमा, तू आत जा," ते म्हणाले.

त्या गेल्या नाहीत लगेच. मग ट्रे टेबलावर ठेवल्याचा आवाज आला आणि पावलं वाजली. स्वयंपाकघरातून मात्र भांड्याचाही आवाज आला नाही. त्या दाराच्या मागे उभ्या होत्या.

संजयनं पिशवीची चेन ओढली.

"किती आहेत?" दातारांनी विचारलं.

"सध्या नऊ," संजय म्हणाला. "चहा घ्या काका, गार होतोय."